मधुमेही मूल आणि थकलेलं घर

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची डॉक्टरांशी भेट साधारण तीन महिन्यांतून एकदा होते. दर भेटीत अर्धा तास मिळाला असं धरलं (आणि गर्दीच्या ओपीडीत तो मिळतोच असं नाही) तरी वर्षाकाठी दोन तास होतात. वर्षाचे एकूण तास ८,७६०. बाकीच्या सगळ्या तासांत त्या मुलाचा उपचार घरीच चालतो, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा एकटी आई करते. सकाळी डब्याच्या गडबडीत साखर तपासायची, डोस ठरवायचा, टोचायचा, पोळ्या मोजायच्या, दिवसभर शाळेच्या फोनकडे एक कान ठेवायचा, मूल खेळून आलं की पुन्हा बोट टोचायचं. दिवसाला चार इंजेक्शनं धरली तर वर्षाला १,४६० होतात. या कामाला रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही.

सुई कशी धरायची, इन्सुलिन फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात ठेवायचं, साखर एकदम उतरली तर काय करायचं, हे दवाखान्यात शिकवतात. हे सगळं महिनोन्महिने करताना आईवडिलांच्या मनाचं काय होतं, याबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. मुलांच्या मधुमेहावर काम करणाऱ्या ‘इस्पॅड’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत मुलाच्या आणि कुटुंबाच्या मानसिक आधाराला उपचाराचा नेहमीचा भाग मानलं आहे. आपल्याकडे तो अजून ‘वेळ मिळाला तर’ या सदरात आहे. म्हणून घरानेच तो आपल्या हातात घ्यावा लागतो. या लेखात बरंच काही येईल, पण त्यातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करा: घरात इन्सुलिन देऊ शकणारा दुसरा माणूस तयार करा. बाकीचं त्यानंतर.

पहिले महिने आणि ‘माझंच चुकलं’

बरीच मुलं निदान होण्याआधी थेट अत्यवस्थ होऊन दवाखान्यात पोचतात. रक्तात आम्ल साठतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोरात चालतो. अशा वेळी आईला पहिला प्रश्न पडतो तो ‘आपलं लक्ष कसं गेलं नाही?’ हा. उन्हाळ्यात पोर तांब्याभर पाणी पितंय, यात वेगळं काय वाटणार? वजन उतरलं तर ‘उंची काढतोय’ असं घरात सगळेच म्हणतात. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं तर रागावणं होतं. ही लक्षणं इतकी रोजची दिसतात की अनुभवी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतात. त्यासाठी स्वतःला वर्षानुवर्षं शिक्षा देऊ नका.

दुसरा प्रश्न असतो तो गोडाचा. ‘लहानपणी फार चॉकलेटं दिली’, ‘गरोदरपणात हिनेच आंबे खाल्ले’. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते आणि त्या नष्ट करते. गोड खाण्याने हे होत नाही, आईच्या गरोदरपणातल्या खाण्याने होत नाही, कोणाच्या नजरेने तर नाहीच. सासरी ‘तुमच्या घराण्यात होता का कोणाला?’ अशी चौकशी हमखास होते. अशा दहापैकी साधारण नऊ मुलांच्या जवळच्या नात्यात टाइप १ मधुमेह कोणालाच नसतो. शिवाय ज्या थोड्या घरांत आईला किंवा वडिलांना तो असतो, तिथे वडिलांकडून मुलाकडे जाण्याची शक्यता आईकडून जाण्यापेक्षा जास्त असते. हे वाक्य चौकशी करणाऱ्यांना ऐकवायला हरकत नाही.

नवरा-बायको या धक्क्यातून एकाच गतीने जात नाहीत. ती रात्री दोन वाजता मोबाइलवर किडनी आणि डोळ्यांबद्दल वाचत बसते. तो काहीच बोलत नाही, फक्त कामावरून उशिरा येऊ लागतो. तिला वाटतं याला काही पडलेलंच नाही. त्याला वाटतं ही विषय सोडतच नाही. दोघंही घाबरलेलेच असतात. या काळात एकमेकांच्या वागण्यावरून प्रेमाचं मोजमाप करू नये. आठवड्यातून एकदा, मूल झोपल्यावर, ‘तुला सगळ्यात कशाची भीती वाटते?’ एवढं विचारून समोरच्याचं पूर्ण ऐकावं. उपाय सुचवू नयेत. हे सोपं वाटतं, पण पुरुषांना उपाय न सुचवता ऐकणं फार जड जातं.

याच सुमारास एक फसवा काळ येतो. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज कमी होते, कधीकधी अगदी एक-दोन युनिटवर येते. उरलेल्या पेशी थोडे दिवस पुन्हा काम करू लागतात म्हणून असं होतं. नेमकं तेव्हाच कोणी तरी काढा किंवा पूड दिलेली असते आणि सगळं श्रेय तिला जातं. घरात आनंदीआनंद. काही महिन्यांनी साखर पुन्हा वर जाते आणि आईवडील दुसऱ्यांदा खचतात. हे खचणं पहिल्यापेक्षा वाईट असतं, कारण या वेळी आशा मोडलेली असते. हा काळ येणार आणि जाणार, हे आधी ठाऊक असलं तर निम्मा त्रास वाचतो. इन्सुलिन मात्र या काळातही डॉक्टरांना न विचारता बंद करायचं नाही.

औषध सुचवणारी माणसं

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथी, अमुक गावचा वैद्य, तमुक ठिकाणचा अंगारा. सांगणारे बहुतेक मायेनेच सांगतात, आणि नाही म्हटलं तर ‘तुम्हाला पोराला बरं करायचंच नाही’ असं ऐकवतात. ‘इन्सुलिनची सवय लागते’ हे वाक्य तर प्रत्येक गावात आहे. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, त्याआधी या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने तगवणं एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं. मरणाच्या दारातला तो मुलगा त्यानंतर तेरा वर्षं जगला. सवय वगैरे काही नाही. ज्या गोष्टीवाचून शरीर चालत नाही ती बाहेरून द्यावी लागते. ती गोळीतून देता येत नाही, कारण पोटात पचून जाते, म्हणून सुई.

पण हा इतिहास प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीकुंकवाला सांगत बसणं आईचं काम नाही. वाद घालून ती आणखी थकते. ‘डॉक्टरांनी दुसरं काही देऊ नका म्हणून बजावलंय’ एवढं म्हणून विषय संपवावा. डॉक्टरांच्या नावाची ढाल वापरायला संकोच नको. चांगल्या डॉक्टरांची त्याला हरकत नसते.

आकड्याला घाबरणारं घर

मधुमेही मुलाच्या घरात दिवसाचा मूड ग्लुकोमीटर ठरवतो. ११५ आला की चहा गोड लागतो, ३१० आला की सगळ्यांची तोंडं उतरतात. हळूहळू आई त्या आकड्यात स्वतःला मार्क देऊ लागते आणि तिच्या चेहऱ्यावरून मूल स्वतःला.

हे मोडायला हवं, आणि सुरुवात भाषेपासून होते. साखर ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ नसते. जास्त असते, कमी असते किंवा ठरलेल्या टप्प्यात असते. आकडा वर आला की तोंडातून पहिला प्रश्न ‘काय खाल्लंस?’ असा निघतो. त्याऐवजी ‘बरं झालं तपासलंस, आता खाली आणू’ असं म्हणायची सवय लावा. पहिल्या प्रश्नाने मूल आरोपी होतं. साखर खाण्याने वाढते तशी सर्दी-तापाने वाढते, परीक्षेच्या ताणाने वाढते, वयात येताना वाढते, इन्सुलिन उन्हात राहून खराब झालं तर वाढते, रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ आली तर वाढते. कधी कधी कारण सापडतच नाही. सगळं काटेकोर करूनही ती वर जाऊ शकते, हे आईवडिलांनी एकदा मनापासून मान्य केलं की घरातली हवा बदलते.

आकड्यावरून रागावणाऱ्या घरात आणखी एक गोष्ट होते. मूल वहीत खोटे आकडे लिहू लागतं. वहीत ओळीने ११०, १२०, १३० असतील आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी मात्र १० आली, तर मुलाच्या खोटेपणावर चिडण्याआधी त्याला खरं सांगायची भीती कशामुळे वाटली ते शोधावं. असं उघडकीला आलं तर ‘यापुढे वहीतल्या कुठल्याही आकड्याला मी रागावणार नाही’ असा शब्द द्या आणि पाळा. पाळणं अवघड आहे. पहिल्याच आठवड्यात ३८० येईल आणि कसोटी लागेल.

खाण्याचंही तसंच. गणपतीत सगळ्यांच्या ताटात उकडीचा मोदक आणि याच्या ताटात काकडी, हा प्रसंग मूल विसरत नाही. दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला मोदक मोजून, त्याचा डोस धरून, जेवणासोबत देता येतो. किती आणि कसा ते आहारतज्ज्ञांकडून आधी विचारून ठेवावं. उलट ‘साखर नाही ना, मग चालेल’ म्हणून दिलेल्या दोन वाट्या साबुदाण्याच्या खिचडीने रक्तातली साखर भरमसाट वाढते. भाकरीनेही वाढते. सरसकट बंदीपेक्षा मोजायला शिकणं मुलाच्या मनाला आणि साखरेला, दोन्हींना बरं. चोरून खाण्याचं मूळ बहुतेक वेळा बंदीत असतं.

रात्र

या पालकांना सर्वांत जास्त खाते ती रात्र. झोपेत साखर उतरली आणि कळलंच नाही तर? या भीतीने काही आया वर्षानुवर्षं सलग झोपलेल्या नसतात. काही जणी भीतीपोटी रात्रीचा डोस मनानेच एक-दोन युनिट कमी करतात. साखर थोडी वरच राहू दे, निदान उतरणार तर नाही. कारण समजण्यासारखं आहे, पण मग मूल रात्रभर जास्त साखरेत राहतं आणि सरासरी बिघडते. असं करत असाल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यांनी रागवायचं कारण नाही, डोस बदलून द्यायचं कारण आहे.

रोज रात्री दोन वाजता उठणं प्रत्येक मुलाला गरजेचं नसतं. कुठल्या रात्री उठायचं याची यादी डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे त्यात मूल आजारी असलेली रात्र येते, डोस नुकताच बदललेला असतो ती येते, संध्याकाळी नेहमीपेक्षा खूप खेळ झालेली येते (मैदानावरच्या दमणुकीचा परिणाम कित्येक तासांनी, झोपेत दिसू शकतो), आणि झोपताना साखर डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली असलेली येते. बाकीच्या रात्री झोपायची परवानगी आहे. ‘उठायलाच हवं’ आणि ‘उठले नाही तर मी आई कसली’ यांत फरक करायला अशी लेखी यादी फार उपयोगी पडते. ज्या रात्री उठायचं असेल तेव्हा आई आणि बाबा आळीपाळीने उठा. दोघांनी एकदम जागून काही मिळत नाही.

दंडावर लावायचा सेन्सर परवडत असेल तर रात्री सोप्या होतात, कारण साखर उतरू लागली की तो मोबाइलवर आवाज देतो. पण त्याचीही चटक लागते. दर पाच मिनिटांनी आलेख बघणारी आई आधीपेक्षा जास्त अस्वस्थ झालेली दिसते. सूचनांच्या मर्यादा डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवा आणि आवाज झाला तरच बघा.

साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा: साखर किंवा ग्लुकोजचं पाणी, वयाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण (मोठ्या मुलाला साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे), १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर ते देऊन, नसेल तर तसंच तातडीने दवाखाना गाठायचा. पाठ असलेल्या गोष्टीही घाबरलेल्या माणसाला आठवत नाहीत. कागद भीती कमी करतो.

दुसरा माणूस

आता मूळ मुद्दा. एकट्या आईने सगळं सांभाळलेल्या घरांत साधारण दोन-तीन वर्षांनी एक अवस्था येते. ती तपासते, टोचते, पण यंत्रासारखी. मुलावर चिडते, मग रडते. माहेरी जायचं टाळते, लग्नाला जात नाही, नोकरी केव्हाच सुटलेली असते. डॉक्टरांकडे जायची तारीख पुढे ढकलते, कारण तिथे पुन्हा आकडा ऐकायचा असतो. हा आळस नाही आणि मायेचा आटलेला झराही नाही. न थांबता केलेल्या कामाचा थकवा आहे. याला ‘हिंमत ठेव’ हे औषध लागू पडत नाही. काम वाटून घेणं लागू पडतं.

बाबांनी ‘मी मदत करीन, सांग काय करू’ असं म्हणू नये. सांगण्याचं, आठवण ठेवण्याचं काम मग आईकडेच राहतं. एक काम पूर्णपणे आपलं म्हणून घ्यावं. सुरुवातीला रात्रीचं दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन सर्वांत बरं. त्याचा डोस ठरलेला असतो, जेवणाचा हिशेब लागत नाही आणि वेळ ऑफिस सुटल्यानंतरची असते. ‘नऊ वाजताचं बाबांचं’ असं ठरलं की आईने त्यात डोकावायचं नाही. हा नियम आयांसाठी कठीण असतो. त्याची पद्धत वेगळी असेल, तो कापूस भलतीकडे ठेवेल, पण मूल सुरक्षित असेल तर बोलू नये. सतत दुरुस्त्या ऐकणारा माणूस काम सोडून देतो, आणि मग ‘यांना जमत नाही’ हे सिद्ध होतं.

शिकवताना एक गोष्ट न चुकता शिकवा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० च्या मापाचं असतं आणि त्याची लाल टोपणाची सिरिंज वेगळी येते. १०० च्या मापाचं इन्सुलिन आणि त्याची केशरी टोपणाची सिरिंज वेगळी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून मगच भरायचं, हे नव्या माणसाकडून चार वेळा करून घ्या.

तिसरा माणूस आजी असू शकते. आजीला घरात बहुधा खलनायिका ठरवलेलं असतं: ‘एक लाडू खाल्ला तर काय होतंय’ म्हणणारी. तिला उपदेश करण्यापेक्षा ग्लुकोमीटर हातात द्या. लाडवाआधी आणि नंतर दोन तासांनी तिनेच आकडा पाहिला की बऱ्याच आज्या कडक होतात, कधी आईपेक्षाही. शेजारची काकू, गावातली आत्या, कॉलेजात जाणारा मामा, कोणीही चालेल. उद्देश असा की महिन्यातून एखादी दुपार आई घराबाहेर जाईल आणि मोबाइल पिशवीत राहील. ती दुपार तिने किराणा भरण्यात घालवू नये.

एकटं पालकत्व असलेल्या घरांना हे वाचून हसू येईल, दुसरा माणूस आणायचा कुठून? तिथे इतर मधुमेही मुलांच्या पालकांचा गट हाच दुसरा माणूस. नागपुरात ड्रीम ट्रस्ट, छत्रपती संभाजीनगरात उडान यांसारख्या संस्था या मुलांसाठी काम करतात. पुण्या-मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत मुलांच्या मधुमेहाचे स्वतंत्र विभाग आहेत. तुमच्या डॉक्टरांकडे असा गट असेल तर त्यात जा, नसेल तर ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्या आईचा नंबर घ्या. ‘काल मी चिडून तिला मारलं’ हे वाक्य जिच्याजवळ बोलता येईल अशी व्यक्ती बहुधा दुसरी तशीच आई असते.

भावंडं, शाळा, वयात येणं

धाकट्या भावाला वाटतं, आजारी पडलं की आईचं लक्ष मिळतं. काही मुलं पोटदुखीची सोंगं करतात. त्याला आठवड्यातला एक ठरलेला वेळ द्या, ज्यात साखरेचा विषय निघणार नाही. आणि ‘ताई चोरून काय खाते ते मला सांग’ असं काम त्याला कधीही देऊ नका.

शाळेपासून आजार लपवावा का, हा प्रश्न मुलींच्या बाबतीत जास्त येतो, आणि त्यामागे ‘पुढे लग्नाला अडेल’ ही भीती असते. माझं मत ठाम आहे: लपवू नये. लपवलेलं मूल संडासात जाऊन टोचून घेतं, डबा आणि डोस टाळतं, आणि साखर उतरून घामाघूम झालं तर वर्गात कोणाला काय करायचं ते ठाऊक नसतं. जर्मन टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला चौथ्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये कोर्टवर इन्सुलिन घेऊ नये असं त्याला सांगितलं गेलं, तेव्हा त्याने ते जाहीरपणे बोलून दाखवलं. वर्षानुवर्षं लपवलेला आजार त्याने आदल्याच वर्षी जगापुढे मांडला होता.

वर्गशिक्षकांना आणि पीटीच्या सरांना एका पानाचं पत्र द्या: साखर उतरल्याची लक्षणं, काय द्यायचं, कोणाला फोन करायचा. मुलाच्या दप्तरात आणि शिक्षकांच्या कपाटात ग्लुकोज ठेवा. सीबीएसईने २०१७ मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेला खाऊ आणि पाणी नेण्याची मुभा दिली आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानेही २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून शाळांत अशा मुलांना साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं असं सांगितलं. शाळा कुरकुर करत असेल तर हात जोडून विनंती करायची गरज नाही, या पत्राचा उल्लेख करा.

बारा-तेरा वर्षांच्या आसपास घरात नवे तंटे सुरू होतात. वयात येताना शरीरातल्या बदलांमुळे इन्सुलिनची गरज वाढते, म्हणजे जुनाच डोस घेऊनही साखर चढते. आणि त्याच वेळी मुलाला आईचा हात नको असतो. थकलेली आई म्हणते, ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’. एकदम सगळं सोपवल्यावर नियंत्रण बिघडतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आधी टोचणं त्याचं आणि डोस दोघांचा, मग डोसही त्याचा आणि तपासणी फक्त तुमची, असं वर्ष-दोन वर्षं घेऊन सोडावं. मुलीची साखर सतत वर राहते आहे, वजन घटतंय आणि ती जेवणाबद्दल फार चिंतातुर आहे, असं दिसलं तर बारीक होण्यासाठी ती डोस टाळत नाही ना, हे शांतपणे विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. हे धोक्याचं आहे, ओरडण्याचं नाही.

पैसा

याबद्दल घराघरांत ताण असतो, पण ओपीडीत कोणी बोलत नाही. साखर तपासायच्या पट्ट्या, सुया, इन्सुलिन, सेन्सर, दर महिन्याला. साध्या बाटलीतल्या इन्सुलिनवर आणि ग्लुकोमीटरवरही मूल चांगलं वाढू शकतं. इन्सुलिनचा पंप किंवा सेन्सर घेता आला नाही म्हणून तुम्ही कमी पडलात असं नाही. खर्च झेपत नसेल तर पट्ट्या गुपचूप कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा. स्वस्त पर्याय, सरकारी रुग्णालय किंवा संस्थेची मदत यातलं काही तरी निघतं. फ्रिज नसेल तर मातीच्या ओल्या मडक्यात इन्सुलिन उष्णतेपासून बऱ्यापैकी जपता येतं, तेही विचारून घ्या.

मदत केव्हा मागायची

थकवा आणि नैराश्य यांची सरमिसळ होते. साधी खूण अशी: दुसऱ्याने दोन दिवस जबाबदारी घेतली आणि तुम्हाला झोप लागली, हलकं वाटलं, तर तो थकवा. संधी मिळूनही झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन रमत नसेल, भूक मेली असेल, विनाकारण रडू येत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हे बाबांनाही लागू आहे. त्यांचं नैराश्य चिडचिड आणि दारूच्या रूपात दिसतं म्हणून ओळखू येत नाही. मरणाचे विचार येत असतील, आपलं आणि मुलाचं संपवून टाकावं असं क्षणभर जरी वाटून गेलं, तरी त्याच दिवशी घरात सांगा आणि मूल दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

पुढच्या तपासणीला दोघंही जा. वहीच्या शेवटच्या पानावर तीन प्रश्न लिहून न्या, आणि त्यातला एक मुलाबद्दल नसून तुमच्या झोपेबद्दल असू द्या.

आणि हा लेख वाचणाऱ्या आजी, आत्या, मामा, शेजारी यांनाही एक विनंती. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर काढे सुचवू नका, ‘बिचारं’ म्हणू नका. त्या आईला फोन करून म्हणा, ‘मला इंजेक्शन द्यायला शिकव. येत्या शनिवारी संध्याकाळी मी याच्याजवळ थांबते, तुम्ही दोघं बाहेर जाऊन या.’